रात्रपाळी, विसावा आणि शेजारधर्म

आत्या: सर्वांना सलाम. काल दुपारी शेजारच्या आजोबांच्या पायाचे ड्रेसिंग बदलण्यासाठी बोलावणे आले, तेव्हा हॉस्पिटलच्या रात्रपाळीहून आलेल्या आपल्या धाकटीने "संध्याकाळी येते" असे सांगितले, हे मला खटकले. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशूच्या शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, तरी प्रभू येशूने किनाऱ्यावर जमलेल्या लोकांना परत पाठवले नाही.

दादा: आत्या, तोच अध्याय थोडा मागून वाचू या. बारा शिष्य दोघे-दोघे करून गावोगाव फिरून नुकतेच परतले होते, आणि त्यांना एकान्ती जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगणारा प्रभूच आहे. लोक पायी धावत पुढे पोहोचले, तेव्हा कळवळा आला तो त्याला आणि शिकवीत राहिला तोही तोच; थकलेल्या शिष्यांना त्याने लगेच कामाला जुंपले नाही.

आत्या: पण दिवस उतरल्यावर "तुम्हीच त्यांना खायला द्या" असेही त्यानेच सांगितले ना? 200 दिनारांच्या भाकरी विकत आणायच्या का, हा शिष्यांचा प्रश्न मला दमलेल्या माणसाचाच वाटतो, आणि तरीही त्यांनी लोकांना वाढले.

काका: वाढले, पण त्यांच्याकडून मागितले ते जवळ होते तेवढेच, पाच भाकरी आणि दोन मासे. शिवाय जेवणे आटोपताच शिष्यांना तारवात बसवून पुढे पाठवले, लोकांना निरोप देण्याचे काम प्रभूने स्वतःकडे ठेवले आणि मग तो एकटाच डोंगरावर प्रार्थनेला गेला.

धाकटी काकू: वन्सं, ड्रेसिंग संध्याकाळपर्यंत थांबू शकेल याची मी आजोबांच्या सुनेला विचारून खात्री करून घेतली होती, रक्त वाहत असते तर मी तशीच उठले असते. रात्रभर वॉर्डात उभे राहून आल्यावर, डोळे मिटत असताना उघड्या जखमेला हात लावणे हा मला कळवळा वाटत नाही, धोका वाटतो. योहानाच्या शुभवर्तमानात, शोमरोन प्रांतात याकोबाच्या विहिरीपाशी प्रभू वाटचालीने थकून बसला, तेव्हा त्याने पाणी भरायला आलेल्या बाईकडे आधी प्यायला पाणी मागितले. तसे मीही मागते: या रविवारी उपासनेनंतर आजारी मंडळींच्या भेटीला माझ्याऐवजी कोणी जाईल का?

आत्या: मी जाते. आणि रात्रपाळी असेल त्या दिवशी दुपारी चारपर्यंत तुझी बेल वाजवू नये, हे आजोबांच्या सुनेला मीच सांगते. मी सांगितले तर तिला वाईट वाटणार नाही.