पोच्या थडग्यावरचे तीन गुलाब का थांबले?

शब्दवेडी:
बाल्टिमोरच्या वेस्टमिन्स्टर दफनभूमीत १९ जानेवारीला, अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पोच्या वाढदिवशी, रात्री कोणीतरी गुपचूप येऊन तीन गुलाब आणि मार्टेल कोन्याकची (फ्रेंच ब्रँडीची) अर्धवट भरलेली बाटली ठेवून जायचं. काळे कपडे, रुंद काठाची हॅट, चेहरा स्कार्फने झाकलेला. पोच्या जन्माला २०० वर्षं झाली त्या २००९ साली तो शेवटचा येऊन गेला. हे थांबलं कशामुळे? आणि स्पर्धा घेऊन निवडलेल्या, २०१६ मध्ये पहिल्यांदा आलेल्या माणसाला याच परंपरेतला मानायचं का?

उत्तररात्र:
पोच्या कथांमुळे मी या प्रकाराच्या नादी लागलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१० ला काहीतरी बिनसलं असं सगळे म्हणतात. माझ्या मते बिनसायला सुरुवात १९९० च्या दशकातच झाली होती. तो कधी कधी चिठ्ठीही ठेवायचा. १९९३ च्या चिठ्ठीत मशाल दुसऱ्याच्या हाती जाणार असं सुचवलं होतं. १९९९ च्या चिठ्ठीवरून कळलं की मूळ माणूस आदल्या वर्षी वारला आणि काम मुलाकडे आलं. त्यानंतरच्या चिठ्ठ्या वाचा. २००१ ची सुपर बोलबद्दल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याबद्दल: न्यूयॉर्क जायंट्स बाल्टिमोर रेव्हन्सना हरवणार! ज्या संघाचं नावच पोच्या ‘द रेव्हन’ (कावळा) या कवितेवरून पडलं, त्याच्याविरुद्ध भाकीत, तेही पोच्या थडग्यावर. (रेव्हन्स ३४-७ ने जिंकले.) २००४ मध्ये फ्रान्सवर राग (बहुधा इराक युद्धाला फ्रान्सचा विरोध होता म्हणून), आणि फ्रेंच कोन्याक इथे शोभत नाही, केवळ घरच्या परंपरेसाठी नाइलाजाने ठेवतोय, अशी तक्रार.

‘नाइलाजाने’. मला उत्तर तिथेच दिसतं. बापाने ज्या ओढीने हे केलं, ती ओढ वारशात देता येत नाही. तरी त्या मुलाने आणखी काही वर्षं निभावलं आणि दोनशेव्या जयंतीपर्यंत पोचवलं, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. जानेवारीत, मध्यरात्र उलटल्यावर, थंडीत जायचं आणि कोणाला सांगायचंही नाही, हे सोपं नाही.

यात आणखी एक माणूस महत्त्वाचा आहे: पो हाउसचे, म्हणजे पोच्या बाल्टिमोरमधल्या घरातल्या संग्रहालयाचे, तेव्हाचे क्युरेटर जेफ जेरोम. ते मोजक्या लोकांना घेऊन दफनभूमीतल्या चर्चच्या आतून रात्रभर पहारा द्यायचे. मनात आणलं असतं तर त्यांना त्या माणसाला केव्हाही गाठता आलं असतं. त्यांनी तसं कधी केलं नाही. २००६ मध्ये बाहेरच्या काही जणांनी त्याला अडवायचा प्रयत्न केला, तो मात्र मला अक्षम्य वाटतो. पुढे २०११ मध्ये काही तोतये आले, पण खऱ्या माणसाची एक खूण जेरोमनी गुप्त ठेवली होती, ती त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. २०१२ मध्येही कोणी आलं नाही, तेव्हा जेरोमनी परंपरा संपल्याचं जाहीर केलं.

नव्या माणसाला त्याच परंपरेत धरू नये असं मला वाटतं. तो दिवसाढवळ्या, लोकांसमोर आला, व्हायोलिन वाजवलं. छान आहे, पण तो कार्यक्रम झाला. आधीचा माणूस आपण बघावं म्हणून येत नव्हता.

पानगळ:
थोडा मतभेद. त्या नव्या माणसाचंही नाव जाहीर केलेलं नाही, म्हणजे प्रसिद्धीसाठी नाही. आणि चार लोक जमून लेखकाची आठवण काढतात यात वाईट काय? पोचं इथलं १८७५ चं स्मारकसुद्धा वर्गणीतून झालं, त्यात शाळकरी मुलांचे पैसे होते. पोचं बाल्टिमोरशी नातं आधीपासून जाहीरच आहे.

शब्दवेडी:
तीन गुलाब कोणासाठी? आणि ते त्या मोठ्या स्मारकापाशीच ठेवायचे ना?

उत्तररात्र:
@पानगळ, वर्गणीचा मुद्दा मान्य. लोकांनी जमावंच, फक्त त्याला वेगळं नाव द्यावं.

@शब्दवेडी, गुलाब पो, पत्नी व्हर्जिनिया आणि सासू मारिया क्लेम यांच्यासाठी असं समजतात. तिघांच्या अस्थी आज कोपऱ्यातल्या स्मारकाखाली आहेत. पण तो माणूस जायचा मागच्या बाजूला, १८४९ मध्ये पोला जिथे प्रथम पुरलं त्या जागी. तिथे कावळा कोरलेला वेगळा दगड आहे. कधी गेलात तर फाटकाजवळचं स्मारक पाहून परत फिरू नका, चर्चला वळसा घालून मागे जा.