मालवण : धबधबा आणि प्रवाळ एकाच फेरीत जमतील का?

ठाणेकरीण :
मंडळी, मालवणचं चाललंय. बरोबर नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासरे. समुद्रातले प्रवाळ बघितल्याशिवाय लेक परत यायची नाही. सासऱ्यांना धबधबा हवाय, पण गुडघे दुखतात, फार चढउतार नको. मला गर्दी नको आणि रात्री डीजे नको, बाकी काही चालेल. धबधबा म्हणजे पावसाळा एवढं कळतं, पण मग समुद्राचं काय? दोन्ही साधतील असा महिना आहे का?

रापणकर :
ताईनू, मी मालवणचाच, होडी घरची. पावसाळ्यात प्रवाळ विसरा. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं, किल्ल्याची होडीसुद्धा सुटत नाही. सप्टेंबरात सुरू होतं, पण नद्यांचं गढूळ पाणी तेव्हाही किनाऱ्याला असतं. पैसे भरून उतरायचं आणि स्वतःचा हात दिसायचा नाही.

दिवाळी उलटली की पाणी निवळायला लागतं. मात्र तारीख धरताना कालनिर्णय समोर ठेवा. पुनव-अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ असते, तळाचा गाळ वर येतो. अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तेव्हा पाणी संथ. आणि उतरायचं सकाळीच, मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, आहे तोवर. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की पाणी हलायला लागतं आणि मजा गेली. पर्यटक शनिवार-रविवार बघून येतात, तिथी कोणी बघत नाही, आणि मग 'काही दिसलं नाही' म्हणून होडीवाल्याशी भांडतात.

प्रवाळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर आहेत. अंदमानचे फोटो डोक्यात ठेवून येऊ नका. इथले बहुतेक तपकिरी, हिरवट, गोलसर. मासे मात्र लेकीला भरपूर दिसतील. आठव्या वर्षी स्कूबा नको, लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग पुरे. पाय टेकायचा नाही हे तिला घरूनच शिकवून आणा. प्रवाळ जिवंत असतो, तुटला की भरून यायला वर्षानुवर्षं जातात. १९८७पासून इथे सागरी अभयारण्य आहे, आणि वन्यजीव कायद्यात कठीण प्रवाळ वाघाच्याच पंगतीला, परिशिष्ट १ मध्ये. वर्गात दाखवायला तुकडा उचललात तर महागात पडेल.

राहायला तारकर्ली-देवबाग टाळा, आचऱ्याला राहा. वीसेक किलोमीटर लांब, पण निवांत.

घाटपायथा :
धबधब्याचं मी सांगते, माझं माहेर कणकवलीकडचं. आंबोली जुलै-ऑगस्टची, आणि तेव्हाही रविवारी धबधब्यापेक्षा माणसंच जास्त. सावडाव सुंदर, पण पावसावरचा. दिवाळीनंतर तिकडे गेलात तर खडक बघून याल.

तुम्ही नापण्याला जा. वैभववाडी तालुक्यात, बारमाही वाहतो. पावसाळ्याचा जोर नसेल, पण पाणी असतं. आता तिथे काचेचा पूल झालाय, त्यामुळे सासऱ्यांना खाली न उतरता धबधबा दिसेल. मालवणहून कणकवली, तळेरे असं जा, दोन तास धरा. डोहात मात्र कुणी उतरू नका.

आणि रापणकर, आचरा सुचवलंत, पण यंदा गावपळण आहे का ते सांगितलंच नाहीत!

ठाणेकरीण :
गावपळण म्हणजे?

रापणकर :
खरंच की. आचऱ्यात दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव रिकामं करतात. गुरंढोरं, कोंबड्या, म्हातारीकोतारी, सगळे वेशीबाहेर राहुट्या ठोकून तीन रात्री राहतात. परत कौल झाला की घरी. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येते, म्हणजे नेमकी तुमच्याच दिवसांत. खोली ठरवताना घरमालकाला आधी हेच विचारा.

ठाणेकरीण :
सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणतात धबधबा राहू दे, गावपळणच बघू. तेव्हा गावात राहता येईल का?

घाटपायथा :
अहो, गावकरीच राहत नाहीत तर पाहुण्यांना कोण ठेवणार! असलीच तर मालवणला मुक्काम करा आणि दिवसा वेशीवर जाऊन या, ओळख निघाली तर राहुटीत जेवायलाही बसवतील.

रापणकर :
आधी अष्टमी बघा, मग कोकणकन्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि भराभर संपतं. ठाण्याला बसा, कुडाळला उतरा. सकाळी स्टेशनाबाहेर रिक्षा असतात, पण भाडं बसायच्या आधी ठरवा.