प्रायमर नसेल तर कन्सीलर, पण पातळ
आयशॅडो (पापणीवरचा रंग) टिकावी म्हणून आधी लावायचा प्रायमर नसेल, तर पापणीवर कन्सीलरचा (डाग झाकणाऱ्या क्रीमचा) जाड थर द्या, असं कुणी कुणी सुचवतं. कन्सीलर चालेल, जाड थर मात्र नको. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो; घामाने तो थर पापणीच्या घडीत गोळा होतो आणि आयशॅडोची नुसती रेघ उरते. टिपकाभर घेऊन अनामिकेने थोपटा, वरून पावडर फिरवा, मगच रंग.

आणि ज्यांची घडी डोळा उघडल्यावर झाकली जाते (माझ्या मावसबहिणीची तशीच आहे), त्यांनी आरशात सरळ बघत, डोळे उघडे ठेवूनच मॅट (चमक नसलेली) तपकिरी शेड घडीच्या किंचित वर लावावी. मिटलेल्या डोळ्यावर घडीतच लावलेली शेड उघडल्यावर दिसतच नाही. तिच्या हळदीला असंच केलं, खूप छान दिसलं.