ऑन्टॉलॉजी (एखाद्या विषयातल्या गोष्टी आणि त्यांची नाती कॉम्प्युटरला कळतील अशी मांडणं) शिकायला सुरुवात कुठनं करू?

खानापूरकर: प्रोजेक्टसाठी आरडीएफ, ओडब्ल्यूएल (अशी माहिती आणि ऑन्टॉलॉजी लिहायच्या ठरलेल्या पद्धती) वाचायलोय खरं सगळं डोक्यावरून जायलंय. बेळगावात क्लास आहे काय कुठं?

टिळकवाडी_कट्टा: क्लासच्या मागं लागू नको रे. स्टॅनफर्डचं प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजी बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते टाक आणि मँचेस्टरवाल्यांचं पिझ्झा ट्युटोरियल स्वतः करून बघ, ऑन्टॉलॉजीतले क्लास (गोष्टींचे प्रकार), प्रॉपर्टी (त्यांची नाती), रीझनर (लिहिलेल्यावरनं निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) सगळं त्यातच आलं. डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची मानकं ठरवणारी संस्था) २०१४ चं आरडीएफ १.१ प्रायमर पण वाच. स्पेसिफिकेशन आत्ताच उघडू नको, झोप येईल.

निपाणीचा_पोरगा: मी उलटं सांगतो, आधी स्पार्कल (आरडीएफ डेटाला प्रश्न विचारायची भाषा). विकिडेटाच्या (विकिपीडियावाल्यांचा खुला डेटासाठा) क्वेरी पानावर कृष्णेच्या उपनद्या काढ, मलप्रभा घटप्रभा येतात काय बघ, नसली एखादी तर तूच भर की. ट्रिपल (आरडीएफमधलं 'ही गोष्ट - हे नातं - ती गोष्ट' असं तीन भागांचं विधान) म्हणजे काय ते तिथंच कळतंय.

खानापूरकर: लई भारी! रीझनर वेगळा टाकायचा काय?

टिळकवाडी_कट्टा: नाही, हर्मिट नावाचा रीझनर प्रोटेजेसोबतच येतोय.