मदत हवी आहे: छोटं गॅस टर्बाइन इंजिन ५२ हजार आरपीएमच्या पुढे सरकत नाही

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकल इंजिनीअर, पुण्यात पीएचडी करते आहे. विषय आहे लहान टर्बाइन इंजिनांतला टिप क्लिअरन्स, म्हणजे फिरत्या पात्याचं टोक आणि बाहेरचं आवरण यांच्यातली फट. मोठ्या इंजिनात ही फट पात्याच्या उंचीच्या एखाद टक्का ठेवता येते. इंजिन लहान केलं की पातं लहान होतं, पण फट त्या प्रमाणात लहान करता येत नाही. बेअरिंगमधला खेळ, शाफ्टचं गरम होऊन वाढणं, मशिनिंगचा टॉलरन्स हे सगळं तेवढंच राहतं. माझ्या कॉम्प्रेसरच्या (हवा दाबून आत ढकलणाऱ्या चाकाच्या) बाहेरच्या कडेला पात्याची उंची ५ मिमी आणि फट ०.३ मिमी आहे, म्हणजे थेट ६ टक्के. याने नेमकं किती नुकसान होतं ते मला मोजायचं आहे.

त्यासाठी केजे-६६ च्या धाटणीचं इंजिन बांधलं आहे. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: जर्मनीत कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या वर्कशॉपमध्ये होईल असं मॉडेल जेट इंजिन करून दाखवलं, तेही प्लायवुडच्या कॉम्प्रेसर चाकावर कार्बन फायबर गुंडाळून. त्याच वाटेने पुढे केजे-६६ आलं. टर्बोचार्जरचं ६६ मिमी कॉम्प्रेसर चाक, पत्र्याचं ज्वलनकक्ष, इंधनाची वाफ करणाऱ्या सहा नळ्या, इन्कोनेलचं (उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचं) टर्बाइन चाक. मूळ इंजिन १ लाख १५ हजार आरपीएमच्या आसपास जाऊन साधारण ७५ न्यूटन थ्रस्ट (पुढे ढकलणारं बल) देतं.

माझं इंजिन एलपीजीवर सुरू होतं, केरोसीनवर घेतलं की स्वतःच्या बळावर चालतं, आणि ५२ हजाराला अडकतं. त्या वेगाला केसिंगमधला दाब ०.१७ बार गेज (बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त), एक्झॉस्टचं तापमान ६९० अंश सेल्सिअस. इंधन थोडं वाढवलं की वेग तिथेच राहतो, तापमान मात्र ७६० च्या वर जाऊ लागतं आणि मला इंधन कमी करावं लागतं. एक्झॉस्टच्या खालच्या बाजूला ज्वाळेची नारिंगी जीभ दिसते, वर काही नाही.

रोटर मोकळा फिरतो. बॅलन्सिंग टर्बोचार्जर दुरुस्तीच्या दुकानातून करून घेतलं आहे. पंप तपासला, प्रवाह स्थिर आहे.

ओळखीच्या सगळ्यांचं म्हणणं एकच: फट ०.२ वर आणा. मला ते पटत नाही. दोष ज्वलनात असेल आणि मी फट कमी करत बसले, तर इंजिन घासण्याचा धोका तर आहेच, शिवाय पुढे जे आकडे मोजेन तेही क्लिअरन्सचे नसतीलच. नुकसान कॉम्प्रेसर-टर्बाइनमध्ये होतंय की ज्वलनात, हे इंजिन न उघडता वेगळं कसं करायचं? जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद

ताई, टर्बोचार्जरच्या टेस्ट बेंचवर बरीच वर्षं काम केलंय, त्यावरून सांगतो. तुमचं अर्धं उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. ६६ मिमी चाक ५२ हजाराला म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला १८० मीटर. मागे वळलेल्या पात्यांचं चाक आणि ७० टक्के कार्यक्षमता धरली तर दाबाचं गुणोत्तर (बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब भागिले आत येणाऱ्या हवेचा) १.१८ ते १.२ यायला हवं. पुण्याची हवा ०.९५ बार धरा, तुमचे ०.१७ बार गेज त्यातच बसतात. कॉम्प्रेसर त्याचं काम करतोय. त्या फटीला आत्ता हात लावू नका.

आता ज्वलन. त्याच वेगाला इंजिन निव्वळ एलपीजीवर चालवून बघा. वायूला वाफ व्हायची गरजच नाही. तापमान उतरलं आणि इंजिन वर चढलं, तर दोष केरोसीनच्या वाफेत आहे. काहीच बदललं नाही, तर टर्बाइन आणि त्याआधीच्या स्थिर पात्यांच्या घशाचं (पात्यांमधल्या सर्वांत अरुंद वाटेचं) क्षेत्रफळ तपासायला घ्या. सिलिंडर गार पडला की दाब उतरतो, म्हणून रन लहान ठेवा. एक्झॉस्टला एकाऐवजी चार थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावा, सरासरी आकड्यात अशी जीभ लपून जाते.

कॉम्प्रेसरनंतरचं तापमान मोजून कार्यक्षमता काढणार असाल तर जपून. टर्बाइन जेमतेम काही सेंटीमीटरवर असतं, तिथली उष्णता केसिंगमधून पुढे येते आणि कॉम्प्रेसर आहे त्याहून वाईट दिसतो.

खाली इंधन साचतंय का हे मात्र आधी बघा. १९३७ मध्ये जेट इंजिनाचे ब्रिटिश जनक फ्रँक व्हिटल यांचं पहिलं इंजिन इंधनाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावरही पळत सुटलं होतं, कारण आत साचलेलं इंधन जळत होतं. टर्बाइन चाकाच्या प्रतलात, म्हणजे चाक फुटलं तर तुकडे जिथे उडतील तिथे, कुणालाही उभं करू नका.

प्रतिसाद

बॅलन्सिंगचा कागद मागून घ्या. जी २.५ ग्रेड (बॅलन्सिंगच्या अचूकतेची एक प्रत) १ लाख आरपीएमला म्हणजे वस्तुमानकेंद्र अक्षापासून फार तर ०.२४ मायक्रॉन. पाव किलोच्या रोटरला शिल्लक असमतोल ०.०६ ग्रॅम-मिमी. दुकानदाराने कोणत्या वेगासाठी बॅलन्स केलं ते विचारा. आत्ता अडचण येणार नाही, पण ८० हजाराच्या पुढे येईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एलपीजीवर चालवलं. ५२ हजाराला तापमान ६०० च्या खाली राहिलं आणि इंजिन ६८ हजारापर्यंत सहज चढलं, तिथे मीच थांबवलं. परत केरोसीनवर घेतल्यावर चार थर्मोकपलपैकी खालचा बाकीच्यांपेक्षा १४० अंशांनी जास्त दाखवतोय. शेवटच्या रननंतर इंजिन नाकावर उभं केलं तर थोडं केरोसीनही निथळलं. म्हणजे फट सध्या तरी निर्दोष आहे, आणि माझ्या कामासाठी हे कळणं फार मोलाचं होतं.

पुढचा प्रश्न. सहा नळ्यांत इंधन सोडायला इंजेक्शनच्या सुया इंधनाच्या रिंगवर ब्रेझ केल्या (पितळी डाग देऊन जोडल्या) आहेत. रिंग बाहेर काढून प्रत्येक सुईखाली परीक्षानळी धरून प्रवाह मोजणार आहे. सहांमध्ये किती टक्के फरक चालतो? आणि जास्त सोडणारी सुई बदलायची, की सगळ्यांची लांबी वाढवून सुईतला दाबाचा उतार वाढवायचा, म्हणजे वरच्या-खालच्या नळीतला फरक आपोआप कमी होईल? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी सुईचा गेज (जाडीचा नंबर) आणि लांबी सांगितली तर पुढच्या आठवड्यात नवी रिंग बनवून घेते.