टेनपिन बोलिंग: बॉल ठरवलेल्या ॲरोवरून जातच नाही, नेम कसा सुधारायचा?

मिशिगनचा_मावळा
मंडळी नमस्कार. इकडे थंडी सुरू झाली की ऑफिसातली निम्मी जनता बोलिंग लीग लावते, तसा मीही लागलो. स्वतःचा १४ पौंडाचा बॉल घेतला, बोटांच्या मापाने भोकं पाडून घेतली, हुकसुद्धा (शेवटी आत वळणारा बॉल) बऱ्यापैकी वळतो. पण ॲव्हरेज १३०च्या आसपास अडकलंय ते हलायलाच तयार नाही. उजव्या हाताने टाकतो, लेनवर जे बाण रंगवलेले असतात त्यातल्या उजवीकडून दुसऱ्या ॲरोवर नेम धरतो. एकदा बॉल बरोबर जातो, पुढच्या वेळी तिसऱ्या ॲरोच्या जवळून, त्याच्या पुढच्या वेळी सरळ गटरच्या कडेने. स्ट्राईक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) पडला तरी मला कळत नाही की का पडला. आणि उजव्या कोपऱ्यातली १० नंबरची पिन! ती एकटी उभी राहिली की टीममधले आधीच पुढच्या माणसाला उठवतात. नेम पक्का करायला नक्की काय करता तुम्ही? प्रॅक्टिसला आठवड्यातून जेमतेम एक तास मिळतो.

बोर्डमास्तर
भाऊ, बॉल आणि हुक जरा बाजूला ठेव. पहिले एक सांग, बॉल ॲरोपाशी कितव्या बोर्डवरून गेला हे तुला प्रत्येक वेळी सांगता येतं का? "तिसऱ्या ॲरोच्या जवळून" चालणार नाही, आकडा पाहिजे. लेनला ३९ बोर्ड असतात म्हणजे त्या उभ्या पट्ट्या, सिंथेटिक लेनवर नुसत्या छापलेल्या असल्या तरी मोजायला त्याच. उजव्या हाताच्या माणसाने उजवीकडून मोजायचं, दर पाचव्या बोर्डवर एक ॲरो, म्हणजे तुझा दुसरा ॲरो १० वर आणि तिसरा १५ वर. आता हिशेब बघ. फाऊल लाईनपासून (जिच्या पुढे पाय टाकायचा नाही ती रेषा) पहिली पिन ६० फुटांवर, ॲरो साधारण १५ फुटांवर. म्हणजे सरळ जाणारा बॉल ॲरोपाशी एक बोर्ड चुकला की पिनांपाशी चार बोर्ड चुकतो. एक बोर्ड म्हणजे इंचाहून किंचित जास्त. तुला हवं असलेलं पॉकेट, म्हणजे पहिल्या पिनच्या उजव्या बाजूची फट, साडेसतराव्या बोर्डवर आणि पहिली पिन विसाव्यावर, मध्ये अडीच बोर्ड. म्हणजे ॲरोपाशी एक बोर्ड डावीकडे गेला तरी बॉल पहिल्या पिनच्या थेट नाकावर बसणार आणि मागे ते घाणेरडे स्प्लिट (एकमेकींपासून लांब उरलेल्या पिना) राहणार. तू तर पाच बोर्ड चुकतोयस रे!

म्हणून पुढच्या प्रॅक्टिसला स्कोअर बघूच नको. टाकला की बॉल ॲरो ओलांडेपर्यंत मान वर करायची नाही आणि मनात आकडा म्हणायचा, ११, ९, १३, जो असेल तो. मागे कोणी मित्र असेल तर त्यालाही आकडा बघायला सांग आणि दोघांचे जुळतात का बघ. सुरुवातीला अजिबात जुळत नाहीत, गंमत असते.

गटरगंगा
एवढं गणित करून टाकायचं असेल तर इंजिनिअरिंगला काय वाईट होतं 😂 मी सरळ पिनांकडे बघतो आणि टाकतो. १५०-१६० होतात आरामात. पुण्यात मॉलमध्ये लेनवर बॉल घसरायचं ऑईल कधी मारलंय ते देवच जाणे, तिथे कसले बोर्ड नि कसले ॲरो.

बंगळुरूची_वहिनी
गंगा भावजी, तुमचं जमतं कारण तुम्ही हाऊस बॉल (तिथे ठेवलेला सगळ्यांचा बॉल) सरळ आणि जोरात टाकता 🙂 सरळ बॉलला पिनांकडे बघितलं तरी चालून जातं. हुकवाल्याचं तसं नाही, बॉल आधी पिनांपासून लांब, उजवीकडे पाठवायचा असतो. नजर पिनांवर ठेवली की हात आपोआप तिकडे ओढला जातो, आणि बॉल सुटायच्या आधीच खांदा फिरतो.

पण मावळेदादा, मला तुमच्या ॲरोपेक्षा पायांची शंका येतेय. उभं राहताना डावा पाय कितव्या बोर्डवर होता आणि घसरून थांबला तेव्हा कितव्यावर होता, हे टाकून झाल्यावर खाली वाकून बघा. पुतळ्यासारखं तिथेच थांबायचं आणि मगच बघायचं, लगेच मागे वळून टाळ्या घ्यायला जायचं नाही. बऱ्याच जणांचा पाय चार-पाच बोर्ड सरकतो, तेही दर वेळी वेगळा. बॉल टेकतो तो पायापासून साधारण सहा-सात बोर्ड उजवीकडे. पाय १८ वर थांबला तर बॉल ११-१२ वर टेकून १० वरच्या ॲरोकडे जवळजवळ सरळ जातो. तोच पाय २४ वर थांबला तर बॉल १७-१८ वरून निघतो, ॲरो तोच पण दिशा गटरची. ॲरो बरोबर मारून बॉल गटरच्या कडेला गेला असं जे वाटतं ना, ते बहुतेक हेच. पाय दर वेळी त्याच जागी येत नसेल तर ॲरोवर कितीही डोळे रोखा, उपयोग नाही. चालताना एक-दोन बोर्ड सरकले तर बिघडत नाही, पण दर वेळी तेवढेच सरकले पाहिजेत.

आणि अंगठ्याचं भोक सैल झालंय का बघा. सैल असलं की आपण बॉल मुठीत आवळतो, आवळला की झोका वाकडा. आत टेपचा एक तुकडा लावून बघा, दोन रुपयांचा उपाय.

मिशिगनचा_मावळा
वहिनी, पायाचं डोक्यातच नव्हतं. आज तासभर फक्त पाय बघितले. २० वर उभा राहतो आणि कधी २१ वर थांबतो, कधी २५ वर! उजव्या हाताला बॉल ठेवायचा रॅक आहे, तिथे शेजारच्या लेनवाला येताना दिसला की मी डावीकडे झुकतो बहुतेक. मास्तर, आकडे म्हणायला लागलो, शेजारचे आजोबा विचारत होते काय पुटपुटतोस. आता ते १० नंबरचं सांगा.

बोर्डमास्तर
शेजारचा चालायला लागला असेल तर थांबायचंच, तो रिवाजच आहे. त्याचं होऊ दे, मग तू.

१० नंबरची पिन वाटते तेवढी बारीक नाही. बॉल साडेआठ इंचांचा, पिन जाडीला पावणेपाच इंच. म्हणजे बॉलचा मध्य पिनच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेसहा इंच चुकला तरी पिन पडते. मधल्या एकट्या पिनला अशी १३ इंचांची जागा मिळते, कोपऱ्यातल्या पिनला उजवीकडे गटर असल्यामुळे साधारण ९ इंच. नऊ इंचांची खिडकी ॲरोपाशी आणली तर दोन बोर्ड, म्हणजे इकडे एक तिकडे एक. पण हे सगळं सरळ बॉलला! तू हुक टाकून १० नंबरकडे जातोस, बॉल शेवटच्या क्षणी आत वळतो आणि पिनला वारा घालून निघून जातो. स्पेअरसाठी (उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलला पाडायला) साधा प्लास्टिकचा बॉल घे, तो वळत नाही. डावीकडे जाऊन उभा राहा, लेनच्या आडवा, मधल्या ॲरोच्या आसपासून कोपऱ्यात. नेमका बोर्ड तुझा तू शोध, प्रत्येकाचा वेगळा निघतो. प्रॅक्टिसचा डाव असेल तर दहाही पिना उभ्या असताना पहिला बॉल फक्त १० वर मार आणि दुसरा फक्त डाव्या कोपऱ्यातल्या ७ वर. स्कोअर लाजिरवाणा दिसतो, दिसू दे.

रात्रपाळी_न्यूजर्सी
वाचत होतो, एक भर. लीगमध्ये पहिला गेम बरा जातो आणि तिसऱ्यात बॉल पहिल्या पिनच्या डोक्यावर जाऊन आपटायला लागतो, असं होतं का तुझं? होत असेल तर तिथे नेमाचा दोष नाही. साध्या हाऊस पॅटर्नला (लेनवर ऑईल मारायची नेहमीची पद्धत) मध्ये ऑईल जास्त आणि कडांना कमी असतं. बॉल थोडा उजवीकडे गेला तर कोरड्यात पकडून परत येतो, डावीकडे गेला तर ऑईलवर घसरत राहतो, म्हणून हा पॅटर्न थोडीफार चूक पोटात घेतो. दहा जणांनी त्याच पट्ट्यावरून बॉल टाकले की तिथलं ऑईल उडतं आणि तुझा चांगला टाकलेला बॉलसुद्धा लवकर वळतो. तेव्हा पाय दोन बोर्ड डावीकडे आणि नेम एक बोर्ड डावीकडे. ज्या बाजूला चुकतोय त्याच बाजूला सरकायचं. फक्त आधी खात्री कर की बॉल ठरवलेल्या बोर्डवरूनच गेला होता. चुकीच्या बॉलवर पाय हलवलेस तर रात्रभर लेनवर फुगडी घालत बसशील.

काका_चष्मेवाले
माझा प्रश्न वेगळा आहे. वय ५८, प्रोग्रेसिव्ह चष्मा. वाकलो की ॲरो धूसर दिसतात, मान आणखी खाली घालून बघावं लागतं आणि मग सगळं बिघडतं. कोणाला अनुभव?

बंगळुरूची_वहिनी
काका, माझ्या सासऱ्यांना हाच त्रास. प्रोग्रेसिव्हच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो, वाकल्यावर नजर तिथून जाते आणि १५ फुटांवरचं पुसट होतं. त्यांनी फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घेतलाय, तो बोलिंगच्या बॅगेतच पडलेला असतो. स्कोअरचा स्क्रीनही त्यातून स्वच्छ दिसतो म्हणतात, फक्त मोबाईल वाचता येत नाही, त्यामुळे घरचे फोन उचलत नाहीत.

मिशिगनचा_मावळा
मास्तर, प्लास्टिक बॉलपण १४चाच घेऊ की हलका?

बोर्डमास्तर
१४चाच. वजन बदललं की झोक्याचा वेग बदलतो. आणि आता चाकांची बॅग घे, २८ पौंड खांद्यावर घेऊन बर्फातून चालू नकोस.