पन्हाळ्याचा चढ: आकडा आणि गिअर

दोघं एकाच वाटेनं पन्हाळ्याला गेलात आणि एकाच्या मोबाईलवर चढाई जास्त, दुसऱ्याच्या सायकल कॉम्प्युटरवर कमी, यात नवल काही नाही. नुसतं जीपीएस उंचीच्या बाबतीत कच्चं असतं. कॉम्प्युटर हवेच्या दाबावरून उंची काढतो, म्हणून तो बरा. पण थंडीत त्याचेही नखरे असतात. घरातल्या उबेतून काढून लगेच चालू केला तर आकडा सरकत राहतो. आधी थोडा वेळ बाहेर गार होऊ द्या. पंचगंगेच्या पुलावरच्या धुक्यात त्याचं हवेचा दाब मोजायचं बारीक भोक ओलं झालं, की त्या दिवशी आकड्यांचा नाद सोडायचा.

खरा प्रश्न गिअरचा आहे, भावांनो. पुढच्या चक्रीला ३४ दात, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला २८ असतील तर वाटेतल्या वाघबीळनंतर ताशी ९.५ किलोमीटरला केडन्स, म्हणजे मिनिटाला पायडलचे फेरे, ६१च्या आसपास घसरतो. मागं ३२ लावलं तर त्याच वेगाला ७० मिळतो. गुडघ्यांना हा फरक फार मोठा. डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला, ३२ झेपतं का, ते मात्र मेकॅनिककडून आधी बघून घ्या.

थंडीच्या कपड्यांवर एवढा खर्च कशाला? चढताना जॅकेट खिशातच बरं. वर झुणका-भाकर खाऊन उतरताना घामेजलेल्या जर्सीखाली छातीवर कालचा पेपर सारायचा, वर विंडचीटर. आणि उतारावर जपून, उसाचा सीझन आहे. ट्रॉलीतून पडलेली कांडी पुढच्या चाकाखाली आली तर कुठलाच गिअर कामाचा नाही.